तिची बाजू, माझी बाजू

२ मार्च, सोमवार

कंपनीच्या डायरीत दर पानावर एक सुविचार छापलेला असतो. आजचा आहे, 'बोलण्यापूर्वी विचार करा.' आमच्या घरात माणसं दोन. त्यातलं एक बोलण्यापूर्वी इतका विचार करतं की एका वाक्याला पाच मिनिटं लागतात. दुसरं माणूस म्हणजे मी. छापणाऱ्याने माझ्यासाठीच छापलं असणार.

आज जे झालं ते लिहून ठेवलं नाही तर मी उद्या ते लहान करून टाकेन. माझी ती सवय आहे.

दुपारी नकाशे द्यायला ऑफिसात गेलो होतो. तेवढ्यात घरची वीज गेली. कॉम्प्युटरच्या बॅटरीचा डबा पंधरा मिनिटं तग धरतो, नंतर मान टाकतो. तासाभराने वीज आली. वीज आली की कॉम्प्युटर आपला आपण सुरू होतो, तशी सोय आहे. सुरू झाला की काळ्या पडद्यावर यादी येते. वर माझी सिस्टिम, खाली बायकोची. दहा सेकंद तो वाट बघतो. कुणी खालच्या ओळीवर गेलं नाही, तर मुकाट्याने वरची उघडतो.

तिला बटणं दाबता येत नाहीत. आजारात हात जाऊन वर्ष झालं, जीभ त्याच्याही आधी गेली. गालाखाली एक मऊ बटण बसवलंय, तेवढं एक ती दाबते, आणि ते तिच्या बाजूच्या बोलण्याच्या प्रोग्रॅममध्येच चालतं. माझ्या बाजूला त्या बटणाची किंमत शून्य.

मी संध्याकाळी आलो तेव्हा तिच्या तोंडासमोर माझ्या सिस्टिमची निळी पाटी होती. 'पासवर्ड टाका.' मावशी स्वयंपाकघरात होत्या. दिवसभर तिचं सगळं मावशीच बघतात, त्यात काही कमी नाही. त्या म्हणाल्या, "मी दोनदा डोकावले हो. पडदा चालू होता, मला वाटलं सगळं ठीक आहे." तिच्या उजव्या डोळ्यातून पाणी वाहून कानात साचलं होतं. ते पुसायलाही तिला कुणाला हाक मारता आली नव्हती.

यादीतली पहिली पसंती बदलायची. वीज आली की थेट तिची बाजू उघडली पाहिजे. एवढंच तर करायचंय.

३ मार्च, मंगळवार

'बाजू' हा शब्द तिचा. पलंगाला जशा बाजू असतात, तशा कॉम्प्युटरला. ज्याने हे बसवून दिलं, त्याने दोन्ही सिस्टिमना लांबलचक नावं सांगितली होती. ती तेव्हा अजून थोडं बोलायची. म्हणाली, "थोडक्यात काय, डावीकडे मी, उजवीकडे हे, आणि मधे उशी." तो बिचारा हसावं की नाही या विचारात पडला. आता त्याचं दुकानही बंद झालंय आणि फोनही लागत नाही.

तिचा प्रोग्रॅम जुन्या सिस्टिमवरच चालतो आणि याच एका मशीनला बांधलेला आहे. बनवणारी कंपनी बुडाली, त्यामुळे तो दुसरीकडे हलवता येत नाही. जीभ जड होऊ लागली, तेव्हा स्पीचवाल्या मॅडमनी तिच्या स्वतःच्या आवाजात तिच्याकडून वाक्यं भरून घेतली होती. ती बसस्टँडच्या चौकशी खिडकीत वीस वर्षं बसली, त्यामुळे माइकची तिला भीती नाही. पडद्यावर चौकोन असतात, त्यांच्यावरून एक पिवळी चौकट फिरते, हव्या त्या चौकोनावर आली की गाल दाबायचा, आणि मशीनमधून ती बोलते. 'पाणी.' 'कूस बदला.' 'माझ्यासमोर माझ्याबद्दल बोलू नका.' 'लिफ्टवाले, जेवलात का?' लिफ्टवाले म्हणजे मी. मी लिफ्टचे नकाशे काढतो.

प्रोग्रॅम सुरू होताना एक वाक्य आपोआप वाजतं. मॅडमनी सुचवलं होतं 'नमस्कार'. तिने भरलं, "आले, आले! जरा दम धरा की!" खिडकीच्या काचेवर टकटक करणाऱ्यांना ती हेच ओरडायची.

माझे नकाशे माझ्या बाजूला. वेळा वाटून घेतल्यात. सकाळ तिची, दुपार माझी. तिच्यापासून दोन हातांवर बसून काम करतो, म्हणजे लक्ष राहतं. तिची बहीण रविवारी येते, ती दर वेळी तेच विचारते, "भाऊजी, ऑफिसातून लॅपटॉप का नाही आणत?" मी सांगतो, छोट्या पडद्यावर आख्खी लिफ्ट मावत नाही. खरंच मावत नाही.

५ मार्च, गुरुवार

पसंती कुठे बदलायची ते सापडलं. माझ्या बाजूला एक फाइल आहे, तिच्यात पहिल्या पसंतीच्या ओळीचा आकडा लिहायचा, मग यादी नव्याने बनवायचा हुकूम द्यायचा. आकडे शून्यापासून मोजायचे. इथे भलेभले चुकतात म्हणे. मला हसू आलं. तळमजला शून्य, हे आमच्या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात.

दुपारी बदलायचं ठरवलं होतं, पण तिने डोळ्यांनी पाटीकडे खूण केली. अक्षरांची पाटी. मशीन माझ्या बाजूला असलं की तीच उरते. मी ओळी म्हणायच्या, 'क ओळ, च ओळ, ट ओळ', हव्या त्या ओळीला ती डोळे मिटते, मग त्या ओळीतली अक्षरं म्हणायची, मग काना, मात्रा. एका शब्दाला घाम फुटतो. मी बहुतेक अर्ध्यातच ओळखतो आणि म्हणून टाकतो, तिचे कष्ट वाचतात. आज 'ब' झाला, 'स' झाला. मी म्हटलं, "बसा? बसतो गं. एवढी फाइल झाली की बसतोच."

तिने डोळे मिटले. म्हणजे बरोबर ओळखलं होतं.

८ मार्च, रविवार

हात दाखवून अवलक्षण.

यादी अशी होती. पहिली ओळ माझी सिस्टिम. दुसरी ओळ 'इतर पर्याय', ती निवडली तर आत आणखी एक यादी उघडते. तिसरी ओळ मेमरीची तपासणी. चौथी ती. मी मोजताना 'इतर पर्याय' सोडून दिली. आमच्या ऑफिसची रीतच आहे, ज्या मजल्यावर दार नाही त्याला नंबर नाही. लिफ्ट तिथून नुसती जाते, थांबत नाही. मग तो मोजायचा कशाला? त्या हिशेबाने ती दुसऱ्या नंबरवर आली. फाइलमध्ये दोन लिहिला, हुकूम दिला, मशीन बंद करून चालू केलं आणि तिच्या बहिणीसाठी दूध आणायला खाली गेलो.

परत आलो तर पडद्यावर मेमरीची तपासणी. आकडे धावतायत, टक्के वाढतायत, संपलं की पुन्हा पहिल्यापासून. मेहुणी पलंगाशी बसून तोंडात पदर धरून हसत होती. "भाऊजी, ताईची स्मरणशक्ती तपासताय होय? तिला तुमच्या सगळ्या चुका पाठ आहेत!"

ती पण हसत होती. तिचं हसू आता फक्त डोळ्यांखाली उरलंय, पण होतं.

मला मात्र हसू आलं नाही. तीस वर्षं मजले मोजण्यात गेली, आणि चार ओळी मोजता आल्या नाहीत. मेहुणीने त्या वेळात पाटी घेतली. ती माझ्यासारखा शब्द स्वतः पूर्ण करत नाही, शेवटच्या मात्रेपर्यंत थांबते. मला बघवत नाही, फार वेळ लागतो.

९ मार्च, सोमवार

दोनचा तीन करायचा, एवढंच होतं. पण मशीन उघडलं तर माझी बाजू गेले कित्येक महिने सांगत असलेलं परत सांगत होती, 'नवी आवृत्ती आली आहे.' म्हटलं, हात घातलाच आहे तर एकदाच काय ते नीट करून टाकू. पुन्हा पुन्हा तिला त्रास नको.

तिची सकाळ त्यात गेली. तिला सांगितलं होतं.

१० मार्च, मंगळवार

ती यादीतून गेली.

नवी आवृत्ती बसली, मी आकडा तीन केला, यादी नव्याने बनवायचा हुकूम दिला. चालू केलं. पडद्यावर माझी सिस्टिम, इतर पर्याय, मेमरीची तपासणी. चौथी ओळच नाही. मी तीनदा बंद-चालू केलं. नाहीच.

तिला सांगायला वळलो तर ती माझ्याकडेच बघत होती. मी म्हटलं, "काही नाही, थोडा वेळ लागेल."

मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभा राहिलो. माझ्या हातून तिचा आवाज पुसला गेला. दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी त्याचा गळा धरला असता.

१३ मार्च, शुक्रवार

ऑफिसातल्या कॉम्प्युटरवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "इतकं जुनं कोण वापरतं साहेब? काढून टाका, नवीन घ्या." भीक नको पण कुत्रा आवर. मी कारण सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याने तोंड पाडलं असतं, आणि मग मलाच त्याचं सांत्वन करावं लागलं असतं.

सुट्टी टाकलीये. सकाळी बसतो तो अंधार पडेपर्यंत वाचतो. जगातल्या अनेकांची दुसरी सिस्टिम अशीच यादीतून गेलेली दिसते. प्रत्येकाचा उपाय निराळा आणि प्रत्येकाच्या खाली कुणीतरी लिहिलेलं, 'हे करू नका, माझं सगळं गेलं.' त्यामुळे काही करायला हात धजत नाही.

मावशी म्हणाल्या, "तोंड पुसताना बाईंचा गाल आता हाताला लागत नाही हो पहिल्यासारखा. सैल लागतो." मी म्हटलं, बटण नाही ना सध्या, म्हणून सवय मोडली असेल. तसं ते बटणही खराबच झालंय. मशीन बंद पडायच्या आधीही चारदा दाबावं तेव्हा एकदा लागायचं. मी चौकटीचा वेग कमी करून दिला होता. नवं बटण मागवलंय.

१५ मार्च, रविवार

गेलेली नाही!

माझ्या बाजूने डिस्क उघडून बघितली, तर तिची सिस्टिम आत जशीच्या तशी आहे. दार फक्त दिसत नाहीये. तिच्या आवाजाच्या फाइल्सही आहेत, एकूण एक. त्या शाबूत आहेत का ते तपासायला हवं होतं, म्हणून कानाला हेडफोन लावून एकेक वाजवायला घेतली. दुपार त्यातच गेली.

'पाणी.' 'कूस बदला.' 'पडदा सारा, ऊन येतंय.' 'भांडायचंय, पण गाल दुखतोय.' हे कधी भरलं होतं देव जाणे, चौकोनांत मी कधी बघितलंच नव्हतं. 'लिफ्टवाले, जेवलात का?' हे सगळ्यात जास्त वेळा ऐकलं. त्यात मागे मॅडमचं हसू पण येतं, आणि शेवटी ती 'नीट आलं का?' असं विचारते.

कुणीतरी खांद्याला हात लावला म्हणून हेडफोन काढला. मेहुणी होती. म्हणाली, "भाऊजी, तिला ऐकवा की. मघापासून तुमच्या पाठीकडे बघतेय ती."

मी म्हटलं, "तपासतोय अजून."

मेहुणी निघायला उठली. चपला घालताना दारात म्हणाली, "ताई आज मला एकच शब्द बोलली. 'थकले.' मशीनचं बघालच हो तुम्ही, पण जरा..." आणि वाक्य तसंच टाकून गेली. अर्धी वाक्यं टाकून जायची या बहिणींना खोड आहे.

१८ मार्च, बुधवार

नवं बटण आलं. चांगलं आहे, जुन्यापेक्षा हलकं, नुसत्या स्पर्शाने दबतं. मशीन चालू होईपर्यंत खोक्यात ठेवलंय.

आज तिने पाटी मागितली तेव्हा मी एका उपायाच्या ऐन मध्यावर होतो. मावशींना धरायला सांगितली. मावशींना ओळींचा क्रम नीट येत नाही, त्या 'त ओळ' विसरतात. थोड्या वेळाने दोघी थांबल्या. काय म्हणत होत्या, विचारलं तर मावशी म्हणाल्या, "तुम्हाला बोलवत होत्या. मग डोळे मिटून घेतले."

उपाय चालला नाही.

२२ मार्च, रविवार

आजचा सुविचार, 'प्रयत्नांती यश.' पान फाडून टाकलं. मग लिहायला जागा नाही म्हणून उद्याच्या पानावर लिहितोय.

मला आता त्या काळ्या पडद्याचा इतका तिटकारा आलाय की जिन्यातला दिवा गेला तरी छातीत धस्स होतं. जेवण जात नाही. तिचंही कमी झालंय. मावशी पातळ करून भरवतात, तेही ओठाच्या कडेने बाहेर येतं. डॉक्टर येऊन गेले, छातीला नळी लावून ऐकलं, मला बाहेर बोलावून म्हणाले, "पुढच्या काळाचा विचार करून ठेवलाय ना?" मी म्हटलं, "आधी हे मशीन मार्गी लागू दे." त्यांनी बॅग बंद केली. मग म्हणाले, "ठीक आहे."

सगळ्यांना वाटतं, याला मशीनचं वेड लागलंय. लागलंय. तिला काय हवं, कुठे दुखतं, माझ्यावर किती चिडलीये, हे सगळं त्या चौथ्या ओळीच्या मागे कोंडलंय, आणि तिथे मीच कुलूप घातलंय. ते उघडल्याशिवाय मी तिच्यासमोर कोणत्या तोंडाने बसू?

२७ मार्च, शुक्रवार

सापडलं. इतकं साधं होतं की रडू आलं.

नव्या आवृत्तीत त्या लोकांनी एक गोष्ट बदललीये. पूर्वी यादी बनवताना मशीन आपणहून डिस्कवर दुसरी सिस्टिम आहे का ते शोधायचं. आता सुरक्षिततेसाठी ते बंद केलंय. त्याच फाइलमध्ये एक ओळ हवी, की बाबा रे, दुसऱ्यांना शोध. ती ओळ नसेल तर मशीन फक्त स्वतःलाच ओळखतं. बाजूला कुणी आहे का, हे बघतच नाही.

एक ओळ लिहिली. हुकूम दिला. चौथ्या जागी ती हजर. आकडा तीन, या वेळी दार असो नसो, सगळे मजले मोजून.

तिच्याजवळ जाऊन म्हटलं, "आलीस." तिने डोळे मिटले, आणि मिटलेलेच ठेवले.

उद्या खरी परीक्षा. वीज घालवून.

२८ मार्च, शनिवार

सकाळी मावशींना काही न सांगता मेन स्विच पाडला. बॅटरीचा डबा बोंबलून बोंबलून गप्प झाला. मग स्विच वर केला आणि पलंगाच्या पायथ्याशी हात मागे बांधून उभा राहिलो, की मीही काही दाबू नये.

यादी आली. पिवळी ओळ आपोआप चौथ्या जागी. दहा, नऊ, आठ... पडदा काळा झाला, मग तिच्या बाजूचं जुनं हिरव्या डोंगराचं चित्र आलं, मग चौकोन, आणि मग खणखणीत आवाजात,

"आले, आले! जरा दम धरा की!"

स्वयंपाकघरात भांडं पडलं. मावशी धावत आल्या आणि दारातच रडायला लागल्या. मीही रडलो. तिने डोळे मोठे केले होते, स्वतःचाच आवाज ऐकून. मी खोक्यातून नवं बटण काढलं, गालाखाली बसवलं. म्हटलं, "बोला बाईसाहेब. काय वाट्टेल ते बोला. शिव्या द्या."

चौकट फिरायला लागली. पाणी, कूस, पडदा, नको, हो, जेवलात का. पाणी, कूस, पडदा.

दुपारपर्यंत नुसती फिरत होती. नवं बटणही खराब निघालं. संध्याकाळी जुनं लावून बघितलं, वायर बदलली, वेग निम्मा केला. तेही लागेना. माझ्या बोटाने दाबलं की मात्र लागतं, त्यामुळे दोष शोधणं अवघड जातंय. कदाचित रागावली असेल. तिला हक्क आहे.

३० मार्च, सोमवार

स्पीचवाल्या मॅडम आल्या. मी त्यांना आधी सगळी हकिकत सांगितली, यादी, आकडा, ती ओळ, दोन्ही बटणं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली. मग तिच्या उशाशी बसून तिच्या केसांवरून हात फिरवला. मला म्हणाल्या, "तुमचं बोट द्या."

बटण बाजूला काढून त्या जागी माझं बोट ठेवलं, तिच्या गालाला टेकवून. तिला म्हणाल्या, "दाबा." थांबल्या. "दाबा, बघू." थांबल्या.

गाल उबदार होता. बोटाखाली काहीही हललं नाही. तिच्या कपाळावर मात्र घाम आला होता.

"बटण चांगलं आहे," मॅडम म्हणाल्या. "दोन्ही चांगली आहेत."

मी विचारलं, केव्हापासून?

त्या म्हणाल्या, "हळूहळू जातं. महिन्याच्या सुरुवातीला थोडं होतं ना? तुम्हीच म्हणालात, चारदा दाबल्यावर एकदा लागायचं."

होतं. चारदा दाबल्यावर एकदा लागायचं. तेवढं उरलं होतं, आणि ते मी खर्च करून टाकलं. तिच्याकडे शेवटचे जे काही थोडे शब्द होते, तिच्या स्वतःच्या आवाजातले, त्या दिवसांत मी पाठ फिरवून बसलो होतो आणि कानाला हेडफोन लावून तिचा आवाज एकटाच ऐकत होतो. आणि त्याआधी वर्षभर रोज दुपारी, तिचा गाल धडधाकट असताना, दोन हातांवर बसून मी तिचं तोंड बंद ठेवलं, कशासाठी, तर मोठ्या पडद्यावर लिफ्ट मावावी म्हणून.

मॅडम म्हणाल्या, डोळ्यांच्या हालचालीवर चालणारं यंत्र येतं, नाव नोंदवू. तिचा आवाज त्यात जाणार नाही, परका आवाज येईल. यंत्र यायला वेळ लागतो. "किती वेळ?" म्हटलं. त्यांनी तिच्याकडे बघितलं. जाताना भिंतीवरची पाटी काढून माझ्या हातात दिली. "डोळे अजून आहेत. पण पापणीही दमते आता. रोज थोडंच होईल. घाई करू नका."

त्या गेल्यावर मी तिला सांगितलं, माझं चुकलं. मोठ्याने सांगितलं, मावशींसमोर. तिने डोळे मिटले. 'हो, चुकलं' असं, की 'जाऊ दे' असं, ते मला कळत नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

२ एप्रिल, गुरुवार

ऑफिसातून लॅपटॉप आणला. बाहेरच्या खोलीत ठेवलाय. लिफ्ट मावते.

तिला विचारलं, मशीन बंद करू का, उगाच चौकट फिरत असते. तिने डोळे उघडे ठेवले. म्हणजे नाही. मग चालूच आहे.

५ एप्रिल, रविवार

दुपारी पाटी घेऊन बसलो. मेहुणी आली होती, ती तिचे पाय चेपत होती. मी तिला म्हटलं, "तुझ्यासारखं धरायला शिकव." ती म्हणाली, "शिकवायचं काय त्यात भाऊजी? तोंड बंद ठेवायचं."

'क ओळ,' म्हटलं. थांबलो. 'च ओळ.' पापणी अर्धी खाली आली आणि परत वर गेली. ते हो आहे की थकवा, समजेना. पूर्वीचा मी असतो तर पुढे ढकललं असतं. पुन्हा म्हटलं. 'च ओळ.' या वेळी मिटली. च, छ, ज. ज ला मिटली. मग काना, वेलांटी, मात्रा. मात्रेला मिटली. एवढ्याला चहा गार झाला आणि मेहुणीचं तिचे दोन्ही पाय चेपणं झालं.

मधेच वीज गेली. पंखा थांबला, डबा ओरडून ओरडून गप्प झाला, पडदा गेला. आम्ही तसेच बसलो, पाटी खिडकीच्या उजेडात धरून. 'क ओळ. च ओळ. ट ओळ.' 'य ओळ'ला मिटली. य, र, ल, व. व ला मिटली. मग पापणी पुन्हा उघडेना. श्वास बघितला, चालू होता. झोपली होती. दोन अक्षरं, एवढंच आजचं बोलणं.

वीज आली. मी उठलो नाही. यादी आली असेल, दहा सेकंद गेले असतील, मी तिचा हात धरून पाठमोरा बसलो होतो. मग मागून तीच, चौकशी खिडकीतली, मोकळ्या गळ्याची, सगळ्या बसस्टँडला ऐकू जाईल अशी,

"आले, आले! जरा दम धरा की!"

झोपेत तिच्या डोळ्यांखाली काहीतरी हललं. मेहुणी तोंड फिरवून खिडकीशी गेली.

पुढचं अक्षर कोणतं ते मला ओळखता येतंय. सबंध वाक्यच ओळखता येतंय, हेडफोन लावून त्या दुपारी किती वेळा ऐकलंय ते. पण मी ते बोललो नाही, आणि इथेही लिहीत नाही. उद्या पापणी उघडली तर ती सांगेल.